चौतीस रिपिटांचा हिशेब

गेल्या भाऊबीजेला आमच्या घरी दुधाच्या सॉसपॅनचा दांडा सुटला आणि जवळजवळ दोन लिटर उकळते दूध सूनबाईंच्या डाव्या पायावर सांडले. त्या दिवशी आम्ही ज्याला अपघात म्हटले, त्याची तयारी तीन आठवड्यांपूर्वीच झालेली होती, आणि तिच्यासाठी मी स्वतः १,७६० रुपये रोख मोजले होते. नाशिकच्या इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा या भागांत भांड्यांचे कान आणि दांडे बसवून देणारे फिरते कारागीर सणांच्या तोंडावर येतात. त्यांतले बरेच जण प्रामाणिक असतील. परंतु माझी फसवणूक नेमकी कशी झाली हे तपशिलाने लिहिले, तर पुढच्या दिवाळीपूर्वी निदान एखाद्या घरात तरी दुरुस्त झालेली भांडी आतून पाहून मगच पैसे दिले जातील.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिशीतला एक गृहस्थ दुचाकीवरून आमच्या सोसायटीत आला. मागे लाकडी पेटी बांधलेली होती आणि पेटीवर कुकर, कढई, तवा, सॉसपॅन यांची रंगीत चित्रे असलेली पाटी होती. बोलणे अदबीचे होते. त्याने काम मागितलेच नाही. जिन्यापाशी उभ्या असलेल्या शेजारच्या वहिनींना तो म्हणाला, "काकू, घरात एखादं हलणारं भांडं असेल तर आणा. पैसे नका देऊ, नुसतं काम बघा." वहिनींनी आपला लोखंडी तवा आणून दिला. त्याने पेटीतून जाड लोखंडी ठोकळा काढला, छिन्नीने जुन्या रिपिटाचे, म्हणजे दांडा भांड्याला जोडणाऱ्या खिळ्याचे, डोके उडवले, नवे भरीव रिपीट आतून घातले, ठोकळ्यावर टेकवून चार-पाच नेमके ठोके मारले आणि दांडा धरून तो तवा पायरीवर दोनदा आपटून दाखवला. दांडा तसूभरही हलला नाही. आम्ही पाच-सहा जण पाहत होतो, आणि मला वाटते, आम्ही सगळे त्याच क्षणी फसलो. कारण त्यापुढे कोणीही त्याच्या कामाकडे पाहिले नाही.

आमच्या घरातून आठ भांडी निघाली: दुधाचे दोन लिटरचे ॲल्युमिनियमचे सॉसपॅन, चहाचे स्टीलचे लहान सॉसपॅन, ॲल्युमिनियमच्या दोन कढया, एक नॉनस्टिक फ्रायपॅन, ॲल्युमिनियमचा तवा, पाच लिटरचा कुकर आणि माझ्या आईची पितळी कढई. सौ.ने ती एकेक करून ओट्यावर मांडली तेव्हा लक्षात आले की त्यांपैकी प्रत्येकाचा दांडा किंवा कान कमी-अधिक हलत होता आणि आम्ही वर्षानुवर्षे फडक्याने धरून निभावून नेत होतो. त्या गृहस्थाने सांगितले की ॲल्युमिनियमचे आणि पितळेचे काम नाजूक असते, ते इथे पायरीवर होत नाही, मशीनवर करावे लागते. दोन दिवसांत घरपोच आणून देतो. दर रिपिटामागे चाळीस रुपये. आगाऊ रक्कम त्याने घेतली नाही, त्यामुळे विश्वास आणखी वाढला. उलट त्यानेच दहा वर्षांच्या गॅरंटीचे एक छापील कार्ड माझ्या हातात ठेवले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडी आली ती इतकी लख्ख होऊन आली की ती आमचीच आहेत का, असा प्रश्न पडावा. त्याने हिशेब मांडला. दुधाच्या सॉसपॅनला चार रिपिटे, चहाच्या सॉसपॅनला चार, दोन कढयांना आठ-आठ, पितळी कढईला चार, फ्रायपॅनला तीन, तव्याला तीन. एकूण चौतीस, म्हणजे १,३६० रुपये. कुकरच्या दोन नव्या दांड्यांचे २५० आणि पॉलिशचे १५०. सातपूरच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे हिशेब खात्यात काढली आहेत. किलोवारी रिपिटांची बिले माझ्या सहीने मंजूर झाली आहेत. बेरीज बरोबर आहे एवढे मी तत्काळ तपासले. चौतीस रिपिटे लागतात कशाला, हा प्रश्न मात्र मला सुचला नाही. पूर्वी त्याच भांड्यांवर एकवीस होती.

भाऊबीजेला माझी बहीण आली होती. बासुंदीसाठी दूध तापत होते. सूनबाईंनी सॉसपॅन गॅसवरून उचलून ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडे नेताना दांडा आधी किंचित खाली लवला, मग एका बाजूला फिरला आणि हातात राहिला; भांडे खाली गेले. सुदैवाने नातू बाहेरच्या खोलीत होता. बहिणीने प्रसंगावधान राखून पायातले पैंजण आणि जोडवी लगेच काढली, कारण सूज आल्यावर ती निघत नाहीत, आणि पाय न्हाणीघरातल्या नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरून ठेवला. हळद, टूथपेस्ट, तूप यांपैकी काहीही लावू दिले नाही. डॉक्टरांनी नंतर तेच योग्य होते असे सांगितले. तरीही फोड आले आणि सूनबाईंना दोन आठवडे चप्पल घालता आली नाही.

त्या रात्री मी कार्ड शोधून काढले आणि फोन लावायला बसलो. क्रमांक नऊ आकडी होता. आयुष्यभर आकडे तपासलेल्या माणसाने ते कार्ड तीन आठवडे डब्यात जपून ठेवले होते.

दिवाळी संपल्यावर मी सगळी भांडी पिशवीत भरून भांडी बाजारात गेलो. रविवार कारंजावरून खाली उतरताना ठोकण्याचा आवाज येतो, त्या बाजूला एका अरुंद गाळ्यात एक वृद्ध तांबट बसतात. त्यांच्या भिंतीवर २००८ च्या पुराचे पाणी कुठवर आले होते ती ओळ अजून पुसलेली नाही. मी त्यांना मामा म्हणतो. आई त्यांच्याच वडिलांकडून भांडी घेत असे. त्यांनी सॉसपॅन हातात घेतले, बाहेरून पाहिलेही नाही. थेट आत बोट फिरवले, अंगठ्याचे नख एका रिपिटाच्या डोक्यावर घासले आणि म्हणाले, "भाऊ, हे डोकं नाही, भेगा बुजवायची लांबी आहे." मग बारीक छिन्नीने टोचताच डोक्याचा चंदेरी पापुद्रा भिंतीच्या गिलाव्यासारखा सुटून पडला. खाली एक पोकळ नळी होती आणि नळीच्या तोंडाशी गंजलेल्या लोखंडी खिळ्याचे टोक. मामांनी लोहचुंबकाचा तुकडा जवळ नेला, तो त्या टोकाला चिकटला.

हे पॉप रिपीट. पत्र्याच्या ज्या बाजूला हात पोहोचत नाही तिथे ते फार उपयोगी असते: पोकळ नळीतून एक खिळा गेलेला असतो, हातातल्या यंत्राने खिळा ओढला की त्याच्या डोक्यामुळे नळी पलीकडच्या बाजूला फुगते आणि खिळा तुटून त्याचे डोके आतच राहते. गाडीची नंबरप्लेट, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, पत्र्याची पेटी अशा ठिकाणी ते सर्रास वापरतात आणि तिथे त्यात काहीही गैर नाही. काही सेकंदांत एक बसते, ठोकळा लागत नाही, ठोके लागत नाहीत. भरीव रिपिटाचे तसे नसते. मामांनी मला एक ठोकून दाखवले. छिद्रातून बाहेर आलेला भाग रिपिटाच्या जाडीच्या साधारण दीडपट हवा; तेवढा असला की ठोक्यांनी त्याचे नीट डोके बनते. त्याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही: ठोका बसतो तसे रिपीट छिद्राच्या आतही फुगते आणि छिद्र गच्च भरून टाकते. दांडा हलत नाही तो या भरण्यामुळे, डोक्यामुळे नव्हे. पोकळ रिपीट छिद्र तसे भरत नाही, आणि आमच्या भांड्यांची जुनी छिद्रे तर वर्षानुवर्षे हलून लंबगोल झालेली होती. त्यांत ती नळी पहिल्या दिवसापासून खेळत होती. वर लावलेल्या लांबीमुळे तो खेळ झाकला गेला इतकेच.

ही लांबी म्हणजे दोन गोळ्या एकत्र मळून लावायची, बाजारात नळाच्या गळतीसाठी मिळते ती. ओली असताना तिला गोल डोक्याचा आकार देता येतो, सुकल्यावर कानसीने घासता येते आणि वर चंदेरी रंगाचा हात फिरवला की ॲल्युमिनियमशी बेमालूम मिसळते. गॅसच्या ज्योतीची धग दांड्याच्या मुळाशी सतत लागते. तिथे ती टिकण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही तीन आठवडे त्या रंगाच्या आणि लांबीच्या संगतीत दूध उकळले आणि ते प्यायलो, या विचाराने सौ.ला आजही अस्वस्थ होते.

माझ्या मनात तरीही एक शंका होती. चार रिपिटे होती, मग निदान दोनांइतके तरी बळ मिळायला हवे होते. मामांनी सॉसपॅन उजेडासमोर धरले. जुनी दोन छिद्रे आणि त्यांच्या अगदी लगत पाडलेली नवी दोन, यांच्या मधला पत्रा टपालाच्या तिकिटाच्या कडेसारखा झाला होता आणि वरच्या दोन छिद्रांमध्ये तो चक्क फाटला होता. रिपिटामागे पैसे घेणाऱ्याला छिद्रे वाढवण्यात फायदा होता. प्रत्येक नव्या छिद्राने भांडे मात्र दुबळे होत गेले. तेरा जादा रिपिटांचे ५२० रुपये मी भांडी कमकुवत करून घेण्यासाठी दिले, असा त्याचा अर्थ होतो.

घरी आल्यावर मुलाने कागदावर एक साधे गणित मांडून दाखवले, ते मी इथे देतो, कारण त्यानंतर मी कोणतेही भरलेले भांडे उचलताना ते आठवतो. दूध आणि भांडे मिळून अडीच किलो. सॉसपॅनचा व्यास अठरा सेंटिमीटर, म्हणजे ओझ्याचा मध्य दांड्याच्या मुळापासून नऊ सेंटिमीटर लांब. वरची आणि खालची रिपिटे यांत अंतर अडीच सेंटिमीटर. अडीचला नवाने गुणून अडीचने भागले की वरच्या रिपिटांना भांड्याच्या भिंतीतून उपटू पाहणारी ओढ निघते: नऊ किलो. ही स्थिर हाताने उचलल्यावरची ओढ झाली. घाईत हिसका बसला की ती आणखी वाढते. म्हणजे हातात अडीच किलो आहेत असे आपल्याला वाटते तेव्हा वरच्या रिपिटांवर त्याच्या साडेतीनपटीहून जास्त ओढ असते, आणि ती रोज, तापून आणि निवून, पुन्हा पुन्हा बसते.

बाकीच्या भांड्यांची कथा थोडक्यात सांगतो. फ्रायपॅनला त्याने आतून ड्रिल मारले होते, त्यामुळे छिद्रांभोवतीचा काळा थर सुटू लागला होता. तो फ्रायपॅन आम्ही टाकून दिला. चहाच्या स्टीलच्या सॉसपॅनचा दांडा मुळात रिपिटांवर नव्हताच, तो स्पॉट वेल्डिंगने चिकटवलेला होता आणि त्यातले दोन ठिपके सुटले होते. ते पुन्हा वेल्ड करणारी माणसे अंबडला आहेत, पण त्याने त्याऐवजी चार छिद्रे पाडून चार नळ्या ठोकल्या आणि त्यांतून चहा पाझरत असे. कढया आणि तवा मामांनी वाचवले. लंबगोल छिद्रे त्यांनी गोल करून घेतली, मोठ्या जाडीची ॲल्युमिनियमची भरीव रिपिटे घेतली आणि पत्रा जिथे विरला होता तिथे बाहेरून एक पट्टी देऊन तिच्यासकट ठोकले. ॲल्युमिनियमला लोखंडी रिपीट लावू नये असे त्यांनी आवर्जून सांगितले, कारण मीठ-चिंचेचे पाणी मध्ये शिरले की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात ॲल्युमिनियम झिजत जाते.

कुकरचे प्रकरण मला सर्वांत भीतिदायक वाटले. त्याचे मूळचे दांडे बेकेलाइटचे होते, किंचित खरवडलेले पण शाबूत. फक्त स्क्रू ढिले झाले होते. बेकेलाइट आणि धातू उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे असे स्क्रू अधूनमधून सैल होतातच, आणि ते बेताने आवळले की काम भागते. फार जोर लावला तर बेकेलाइट तडकते. त्याने ते दांडे काढून नेले आणि चकचकीत काळे नवे बसवले. मुलाने सुई तापवून त्या नव्या दांड्याला आतल्या बाजूने लावली तर ती लोण्यात शिरावी तशी आत गेली. बेकेलाइट एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही, फार तर करपते. म्हणजे हे साधे प्लॅस्टिक होते. कुकरच्या झाकणाचा आणि भांड्याचा दांडा एकमेकांवर नीट बसणे हा त्याच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. घरगुती कुकरसाठी आयएस २३४७ हे मानक आहे आणि नव्या कुकरवर आयएसआयची खूण पाहून घेतली पाहिजे, हे आम्हाला माहीत होते. पण खूण असलेल्या कुकरला कोणीतरी पेटीतून काढलेले दांडे लावले की त्या खुणेला काय अर्थ उरतो, याचा विचार आम्ही केला नव्हता. आता कुकरचे सुटे भाग त्याच कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच आणतो.

आणि आईची कढई. तिच्या दोन्ही कानांना तांब्याची चार रिपिटे होती, वापराने काळवंडलेली, आमच्या लहानपणापासून पाहिलेली. कान फक्त किंचित खुळखुळत होते. मामांनी कढई पालथी केली आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "हे माझ्या बापाच्या हातचं रिपीट होतं. काढलं कशाला? दोन ठोके पुरले असते." तांब्याची चारही रिपिटे गायब होती आणि त्या जागी ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या होत्या, सोनेरी रंग दिलेल्या. चार रिपिटांच्या तांब्याची किंमत मोडीत फार नसेल. मला राग आला तो त्या रंगाचा. मामांनी तांब्याची नवी घडवून बसवली. आम्ही कल्हई आधी करून घ्यावी म्हणत होतो, तर त्यांनी थांबवले: ठोकताना कल्हई उडते, म्हणून कान आधी आणि कल्हई नंतर.

पैसे परत मिळवण्याचा प्रयत्न मी केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर बोललो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवाच ठरते, दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. परंतु तक्रार करायची कोणाविरुद्ध? नाव नाही, पत्ता नाही, पावती नाही, गाडीचा क्रमांक कोणी टिपलेला नाही. त्या कार्डावर 'दहा वर्षे गॅरंटी' हे शब्द ठळक होते, गॅरंटी देणारा कोण हे मात्र कुठेच नव्हते. सोसायटीतल्या आणखी तीन घरांची भांडी त्याने नेली होती. मी सांगितल्यावर त्यांनी नखाने डोकी खरवडली आणि सगळीकडे तोच चंदेरी पापुद्रा निघाला. एका आजींनी तर "हलत नाही ना, मग राहू दे" म्हणून पाहूच दिले नाही.

आता कोणतेही दुरुस्त झालेले किंवा नवे घेतलेले भांडे आमच्या घरात तपासल्याशिवाय वापरात येत नाही, आणि सौ. माझ्यापेक्षा कडक आहे. ती आधी आतून नख फिरवते आणि रिपिटाच्या डोक्याच्या मध्यभागी खळगा किंवा छिद्र आहे का ते पाहते. मग रिपिटांच्या वर येईल इतके पाणी भरून, भांडे बाहेरून कोरडे पुसून, वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवते. सकाळी कागद ओला दिसला तर भांडे परत जाते. शेवटी भरलेले भांडे दांड्याने उचलून धरते आणि मला दांड्याच्या मुळाशी पोस्टकार्डाचा कोपरा सरकवून पाहायला सांगते. तो भिंत आणि दांडा यांच्यामध्ये शिरला तर सांधा उघडतो आहे असे समजावे. हे सगळे थंड पाण्यावर करायचे, दुधावर नव्हे. कारागिराला आमची एकच अट असते की काम आमच्या समोर व्हावे आणि काढलेले जुने रिपीट आमच्या हातात द्यावे. मामांना ती अट सांगितली तेव्हा ते हसले आणि त्यांनी काढलेल्या सगळ्या नळ्या पुडीत बांधून दिल्या.

दुधाचे सॉसपॅन मात्र दुरुस्त झाले नाही. पत्रा फाटलेला होता आणि तिथे काहीही धरले नसते. मामांनी उरलेली छिद्रे भरीव रिपिटांनी बुजवून दिली आणि सांगितले की आता हे पातेले समजा. तेव्हापासून दूध त्यातच तापते आणि ते सांडशीने उतरवले जाते; सूनबाई अजूनही ते उतरवायला मला बोलावतात. शेजारच्या वहिनींच्या तव्याचा दांडा, जो त्याने फुकट बसवून दिला होता, तो आजही घट्ट आहे.